अडतीस वर्षांचा शिकाऊ

आमच्या बीड जिल्ह्यात माणसाला गाडी आधी येते, लायसन मागून येतं. आधी दुसऱ्याच्या गाडीवर शिकायचं, मग कशीबशी स्वतःची घ्यायची, आणि तालुक्याच्या चौकात पोलिसानं एक-दोनदा अडवलं की मग लायसनचं बघायचं, असा इथला क्रम. शहरातल्या वाचकाला हे उलटं वाटेल. पण ही गाडी ज्या रस्त्यानं आमच्याकडं आली त्या रस्त्याचा इतिहास बघितला तर त्यात नवल वाटणार नाही.

आमचा मुलूख निजामाच्या राज्यातला. निजाम सरकारनं 1932 साली 27 बसगाड्या घेऊन प्रवासी वाहतूक सुरू केली. पण आमच्यासारख्या आडवळणाच्या गावाला त्या काळी बैलगाडीची चाकोरी हाच रस्ता. पावसाळ्यात तोही नाही. मी शाळेत असताना 1972 चा दुष्काळ पडला. विहिरी आटल्या, जनावरं गेली, आणि सरकारनं रस्त्याची कामं काढली. आमच्या आयाबायांनी उन्हात बसून खडी फोडली, सुकडी खाऊन दिवस काढले. केज तालुक्यातल्या आमच्या गावाला जोडणारा रस्ता त्याच कामातला. म्हणजे आमच्या गावात मोटार यायच्या आधी तिची वाट आमच्याच माणसांनी उपाशीपोटी करून ठेवली होती.

त्या वाटेनं पहिली आली ती गुरुजींची लुना. पुण्याच्या कायनेटिक कंपनीनं 1972 साली लुना बाजारात आणली, आमच्याकडं ती पाच-सहा वर्षांनी पोचली. पायडल मारून चालू व्हायची, चढाला गुरुजी पुन्हा पायडल मारायचे. मग एका बागायतदाराची बुलेट आली. ती गावाच्या शिवेवर असतानाच घरात भांडी वाजायची. मग राजदूत. राजदूत ही खरी आमच्या मातीची गाडी. खडीचा रस्ता असो नाहीतर नांगरट, ती कुठंही जायची. पेट्रोलमध्ये मापानं ऑइल टाकायचं, कॉक फिरवायचा, चोक ओढायचा आणि किक मारत राहायचं. नंतर दूधवाल्यांची एम-80 आली. दोन्ही बाजूंना कॅन, मध्ये माणूस. 1985 च्या सुमारास औरंगाबादजवळ वाळूजला बजाजचा कारखाना आला, त्याच साली हिरो होंडानं सीडी 100 काढली, आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत घरटी नसली तरी भावकीत एक गाडी झाली.

गाडी शिकायची जागा म्हणजे गायरान. तिथं सिग्नल नाही, पाटी नाही, समोरून कुणी येत नाही. आलंच तर शेरडं. धुरळा दिसला की समजायचं गाडी येतेय. रात्री एक दिवा दिसला तर फटफटी, दोन दिसले तर एसटी. हॉर्न वाजवायचा आणि जायचं. एवढाच आमचा वाहतुकीचा कायदा.

सरकारचा कायदा मात्र फार आधीपासून होता. हिंदुस्थानात मोटारींचा पहिला देशव्यापी कायदा 1914 चा, दुसरा 1939 चा. आज जो चालू आहे तो 1988 चा, आणि तो 1 जुलै 1989 पासून लागू झाला. त्यासोबत आलेल्या नियमांत शिकाऊ लायसन देण्याआधी माणसाला काय विचारायचं ते लिहून दिलंय. रस्त्यावरच्या खुणा आणि नियम, अपघात झाला तर चालकाचं कर्तव्य, फाटक नसलेल्या रेल्वे रुळावर घ्यायची काळजी, आणि गाडीसोबत ठेवायची कागदपत्रं.

आमच्या पिढीनं लायसनं काढली ती याच सुमाराला. जिल्ह्याच्या गावी जायचं, एजंट गाठायचा, फोटो आणि पैसे द्यायचे. साहेब तक्त्यावरच्या एखाद्या चित्रावर बोट ठेवणार, आपण काहीतरी बोलणार. मग मैदानात गाडी आठाच्या आकड्यात फिरवायची. पाय टेकला नाही की झालं. आठ काढण्यात आमची पोरं वस्ताद, कारण गायरानात तेच केलेलं. महिन्या-दोन महिन्यांत पुस्तकासारखं लायसन हातात यायचं, वर गोल शिक्का. ते प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून लोखंडी पेटीत, शेताच्या सातबाऱ्याशेजारी ठेवायचं.

आमच्या दाजींचं असंच. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. शिक्षण चौथी. 1984 साली त्यांनी जुनी राजदूत घेतली आणि 1990 साली लायसन काढलं. पुढं ते ऊसतोडीचे मुकादम झाले. दसरा-दिवाळीला टोळी घेऊन पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात जायचं आणि उन्हाळ्यात परतायचं. टोळी ट्रॅक्टरमध्ये आणि दाजी फटफटीवर मागंपुढं. असे कित्येक हंगाम. या काळात त्यांनी पाच गाड्या बदलल्या आणि एकदाही मोठा अपघात केला नाही. आमच्या सोयऱ्याधायऱ्यांत दाजींएवढा गाडीचा जाणता दुसरा नव्हता. नवी गाडी घेताना लोक त्यांना सोबत न्यायचे.

या दाजींना 2022 साली लर्निंगची परीक्षा द्यावी लागली. ते कसं झालं ते सांगतो, कारण असं पुष्कळांचं झालंय आणि अजून होतंय.

त्यांच्या वेळच्या कायद्यानं लायसन 20 वर्षं किंवा वयाची पन्नाशी, जे आधी येईल तोवर चालायचं. पन्नाशीनंतर दर 5 वर्षांनी नवं करायचं. दाजींनी पन्नाशीला केलं, पुढच्या पाच वर्षांनी पुन्हा केलं. त्या मुदतीचं लायसन 2019 च्या मे महिन्यात संपलं. जुन्या कायद्यात मुदत संपल्यावर 5 वर्षांपर्यंत परीक्षेशिवाय नूतनीकरण होत असे. दाजींना तेच माहीत. पण कायद्यात दुरुस्ती झाली आणि 1 सप्टेंबर 2019 पासून ती 5 वर्षांची सवलत 1 वर्षावर आली. संपल्यानंतर 30 दिवस लायसन चालू धरायचे, तेही गेलं. मध्ये कोरोना आला. सरकारनं कागदपत्रांना मुदतवाढ दिली, ती शेवटी 31 ऑक्टोबर 2021 पर्यंत नेली. पण ती 1 फेब्रुवारी 2020 नंतर संपलेल्या कागदांना. दाजींचं त्याच्या आधीच संपलेलं. हंगाम संपवून 2022 च्या एप्रिलमध्ये ते अंबाजोगाईला गेले, तर खिडकीवरच्या माणसानं संगणकात बघून सांगितलं, "काका, वर्षाच्या वर झालंय. आता लर्निंगपासून सुरू करा."

दाजी घरी आले ते तापूनच. "अडतीस वर्षं गाडी चालवायलोय. आता हे पोरगं मला सांगायलंय, शिका म्हणून!"

गावात हसाहशी झाली. राग येण्यासारखंच होतं. शेतकऱ्याला कुणी म्हणालं की तुझी नांगरट तपासू, मगच औत धर, तर त्याला कसं वाटेल? पण नांगरट स्वतःच्या रानात असते आणि रस्ता सगळ्यांचा असतो, हा फरक तेव्हा कुणी बोललं नाही. मीसुद्धा नाही.

परीक्षा संगणकावर. 15 प्रश्न, त्यातले 9 बरोबर यायला पाहिजेत. प्रश्न मराठीत, खाली पर्याय, आणि वेळ मोजून. 14 जून 2021 पासून महाराष्ट्रात आधार कार्डावर घरी बसूनही ती देता येते. भाचा म्हणाला, "आबा, तुम्ही नुसतं समोर बसा, बटणं मी दाबतो." दाजी तयार होत होते. तेवढ्यात आक्का चुलीपासून म्हणाली, "आन् उद्या रस्त्यावर पण ल्योकच बसणार का तुमच्या जागी?" त्यावर कुणालाच उत्तर सुचलं नाही. दाजी ऑफिसात जाऊन परीक्षेला बसले आणि त्यांना 8 मार्क पडले. एका मार्कानं नापास.

बाहेर आल्यावर मी विचारलं, काय काय आलं? त्यांना सगळे प्रश्न पाठ होते. निरक्षर माणसाची स्मरणशक्ती दांडगी असते, चौथीवाल्याचीही. एक प्रश्न होता, फाटक नसलेल्या रेल्वे क्रॉसिंगवर काय कराल? दाजींनी उत्तर दिलं होतं, हॉर्न वाजवून लवकर निघून जाऊ. मला हसू आलं आणि वाईटही वाटलं. परळी-घाटनांदूरचा पट्टा सोडला तर आमच्या जिल्ह्यात रेल्वे होती कुठं? नगर-बीड-परळी रेल्वेची मागणी आमच्या बापाच्या वेळची. आष्टीपर्यंत गाडी आली 2022 च्या सप्टेंबरात, दाजींच्या परीक्षेनंतर पाच महिन्यांनी. बीडला गाडी पोचली 17 सप्टेंबर 2025 ला. म्हणजे जी रेल्वे आम्ही बघितली नाही तिच्या रुळाचा प्रश्न आम्हाला. त्यातली आणखी गंमत अशी, की रेल्वेनं ब्रॉडगेजवरची असली बिनफाटकाची क्रॉसिंगं जानेवारी 2019 पर्यंत सगळी बंद केली. क्रॉसिंग गेलं, प्रश्न राहिला.

पण त्याचं उत्तर मी कायद्यात शोधलं तेव्हा हसू थांबलं. कलम 131 म्हणतं, अशा ठिकाणी चालकानं गाडी थांबवावी, सोबत कंडक्टर किंवा क्लीनर असेल तर त्यानं पुढं चालत जाऊन बघावं, आणि कुणी नसेल तर चालकानं स्वतः उतरून दोन्ही बाजूंनी रेल्वे येत नाही याची खात्री करावी. उतरून बघणं! आमच्या अख्ख्या पिढीला गाडी शिकवताना कुणी थांबायला शिकवलंच नव्हतं. किक, क्लच, गिअर, रेस, सगळं शिकवलं. रेल्वे असो नसो, हायवेला लागणाऱ्या प्रत्येक गाववाटेवर हेच उत्तर लागू पडतं.

ऑफिसाबाहेर चिन्हांचं पातळ पुस्तक मिळतं, ते मी घेतलं. पुढचे बारा दिवस रात्री मारुतीच्या पारावर आमची शाळा भरली. मी दहावी शिकलेला, म्हणून वाचणारा मी. दाजी, दोन दूधवाले, एक निवृत्त लाइनमन आणि चार पोरं. त्यातल्या तिघांची लायसनं संपलेली, दोघांना काढायचीच होती, बाकी ऐकायला.

पहिल्या रात्री आम्हाला कळलं की पाट्यांना आकाराची भाषा आहे. त्रिकोण म्हणजे सावध हो, पुढं काहीतरी आहे. लाल कडेचा गोल म्हणजे मनाई. निळा गोल म्हणजे हे करायलाच पाहिजे. निळा चौकोन म्हणजे माहिती, दवाखाना, पेट्रोल पंप. थांबा ही पाटी अष्टकोनी आणि आधी दुसऱ्याला वाट द्या ही उलट्या त्रिकोणाची. हे दोन आकार दुसऱ्या कुठल्या पाटीला नाहीत, म्हणून रंग उडाला, चिखल उडाला, तरी नुसत्या आकारावरून ओळखता येतात. दाजी म्हणाले, "म्हंजे हे न शिकलेल्या मानसासाठीच केलंय की!" खरं होतं. गुराख्याला जनावर लांबून चालीवरून ओळखू येतं, तसंच हे. आणि इतकी वर्षं आम्ही त्या पाट्यांना बैल बांधत आलो.

दुसरी एक गोष्ट आम्हाला आधीच येत होती आणि आम्ही ती विसरलो होतो. घाटात चढणाऱ्या गाडीला उतरणाऱ्यानं आधी वाट द्यावी, असा नियम आहे. पारावर एक म्हातारा नुसता ऐकत बसायचा. तो म्हणाला, "हे तर बैलगाडीचंच हाय. चढाची भरली गाडी थांबली तर बैल परत उचलत न्हाईत." धारूरच्या घाटात, मांजरसुंब्याच्या घाटात आमच्या आज्यानं हाच नियम पाळला. चढणाऱ्या बैलाचा दम त्याला दिसत होता. इंजिनाचा दम दिसत नाही, म्हणून नातू पाळत नाही.

सगळ्यात जड गेला तो चौपदरी रस्त्याचा धडा. सोलापूर-धुळे रस्ता आमच्या बीडवरून जातो. तो चौपदरी झाला आणि मांजरसुंबा-केज-अंबाजोगाईचा सिमेंटचा झाला. गायरानात शिकलेला माणूस एका दिवसात या रस्त्यावर आला. मधल्या दुभाजकाला फट लांब असते. शेत समोर दिसतं, पण वळून यायचं तर दोन-तीन किलोमीटर. मग लोक उलट्या बाजूनं गाडी घालतात. पेट्रोल वाचतं, पाच मिनिटं वाचतात. पुस्तकात याला एका ओळीत मनाई आहे. पारावर मी ती ओळ वाचली तेव्हा सगळे गप्प झाले, कारण आमच्या शेजारच्या गावचं पोरगं दोन वर्षांपूर्वी असंच गेलं होतं. संध्याकाळची वेळ, उसाच्या दोन ट्रॉल्यांना मागं ना दिवा ना रिफ्लेक्टर, आणि समोरून उलट्या बाजूनं आलेली मोटारसायकल. कुणाची चूक किती, हे मोजत बसून काय मिळणार?

त्याच पोराची आठवण पुढच्याही प्रश्नाला निघाली. अपघात झाला तर चालकानं काय करावं? उत्तर सोपं आहे. जखमीला दवाखान्यात पोचवावं, पोलिसांना कळवावं. कलम 134. त्या पोराजवळ पाऊण तास गर्दी उभी होती म्हणतात. हात लावला तर साक्षीला फिरावं लागेल, आपल्यावरच केस येईल, ही भीती. लाइनमननं विचारलं, "आन् उचलनाऱ्याला पोलिसानं धरलं तर?" मी पुढं वाचून दाखवलं. 2016 साली सुप्रीम कोर्टानं मदत करणाऱ्याला त्रास देऊ नये म्हणून सांगितलं, आणि 2019 च्या दुरुस्तीत कलम 134-अ आलं. चांगल्या मनानं मदत करणाऱ्यावर जखमीच्या दुखापतीची किंवा मृत्यूची जबाबदारी येत नाही, आणि नाव सांगायचं की नाही हेही त्याच्या मर्जीवर. पारावरच्या नऊ जणांत हे आधी माहीत असलेला एकही नव्हता. एवढी एक ओळ त्या संध्याकाळी हायवेवर कुणाला पाठ असती तर! अर्थात, पोरगं वाचलंच असतं असं मी म्हणत नाही.

दुसऱ्या खेपेला दाजींना 13 मार्क पडले. रेल्वेचा प्रश्न पुन्हा आला होता म्हणे.

मग महिनाभर दाजी शिकाऊ. नियमाप्रमाणं गाडीला पुढं-मागं 18 सेंटिमीटरची पांढरी चौकोनी पाटी आणि तिच्यावर लाल एल. शिकाऊ मोटारसायकलवाल्याला मागं कुणाला बसवता येत नाही, शिकवणारा लायसनधारक सोडून. म्हणून आक्का महिनाभर एसटीनं हिंडली आणि मागं शिकवणारा म्हणून मी. ज्या माणसाच्या मागं बसून मी पहिल्यांदा केज बघितलं, त्याचा मी गुरू! पोरं ओरडायची, "दाजी, क्लच दाबा!" दाजी हसायचे. तीस दिवस झाल्यावर त्यांनी मैदानात आठ काढला. तो बघायला तिथली शिकाऊ पोरं गोळा झाली होती.

जगात इतर ठिकाणी काय करतात? विलायतेत 1 जून 1935 पासून सगळ्यांना परीक्षा सक्तीची झाली, पण 1 एप्रिल 1934 च्या आधीपासून चालवणाऱ्यांना त्यातून वगळलं. जुन्या माणसाला येतंच, असं तेही धरून चालले. 1996 पासून तिथं लेखी परीक्षा वेगळी झाली, आणि ती पास झाल्याचा दाखला दोनच वर्षं चालतो. तेवढ्यात गाडीची परीक्षा पास झाली नाही तर लेखी पुन्हा. आणि नव्या चालकाला पहिल्या दोन वर्षांत दंडाचे 6 गुण पडले तर लायसन जातं आणि पुन्हा पहिलीपासून.

आमच्याकडं आता चाळिशीनंतर लायसन नवं करताना डॉक्टरचा दाखला लागतो. डोळे बघतात, हातपाय बघतात. ते बरोबरच आहे. माझंही लायसन मी असंच वेळेवर नवं करत आलोय, आणि मला आजवर कुणी एकही प्रश्न विचारलेला नाही. डोळा शाबूत आहे का हे सरकार विचारतं, पण तो डोळा काय वाचतो हे विचारत नाही. ते फक्त मुदत चुकलेल्याला विचारतात, शिक्षा म्हणून. मला वाटतं ते उलटं आहे. आमच्यासारख्या जुन्या माणसांचा अनुभव खोटा नाही, पण तो ज्या रस्त्याचा आहे तो रस्ता आता राहिला नाही. धुरळा बघून गाडी ओळखणाऱ्याला सिमेंटच्या रस्त्यावर धुरळाच दिसत नाही. म्हणून दर नूतनीकरणाला हे 15 प्रश्न सगळ्यांना विचारावेत. नापास झाला तर पंधरा दिवसांनी पुन्हा विचारावेत, आणि मधल्या काळात त्याला एक पुस्तक द्यावं. खर्च फार नाही. आमच्या पारावर एका पुस्तकात नऊ जणांचं भागलं.

ते पुस्तक आता माझ्याकडं नाही. दूधवाल्यानं नेलं, त्याच्याकडून शाळेत गेलं. सातवीची पोरं भिंतीवर त्रिकोण आणि गोल काढतात असं गुरुजी सांगत होते. त्यांना अजून गाडी येत नाही. आमच्या बीडमध्ये निदान त्यांच्या बाबतीत तरी क्रम सुलटा होईल.